तीन दिवसांची बिअर

पोपेरिंगे, फ्लँडर्स
६ मे १९६२

ताई,

घाबरू नकोस, नाताळ नसतानाही मला पत्र लिहिता येतं. वर्षाला एक कार्ड टाकणारा भाऊ मे महिन्यात पानंच्या पानं लिहितो म्हणजे काहीतरी मागायचं असणार, हे तू पाकीट हातात घेतानाच ओळखलं असशील. बरोबर आहे. मागायचंच आहे.

माझी नात राइनहिल्ड, तिचं लग्न सप्टेंबरात ठरलंय. मुलगा बरा आहे. कान जरा मोठे आहेत, पण ऐकून घेतो. लग्नाची बिअर मी घरी करणार. इथली ती सोनेरी, जोरदार बिअर मी तीस वर्षं तळघरात करतोय, मी घरी आलो तेव्हा आणलेली तू प्यायलीयस, दुसऱ्या ग्लासानंतर माणूस खुर्चीतून उठायचं नाव घेत नाही. यंदा मात्र मनात आलं की ती आपल्या घरच्या यीस्टने करावी. बार्ली इथली, हॉप्सची कडू फुलं इथली, खडीसाखर इथली आणि यीस्ट ब्रेक्केचं, बाबांनी राखलेलं.

इथलं यीस्ट फार निवांत गं. पंधरा दिवस पिंपात घोळत बसतं, मग बाटलीत तीन-चार महिने झोपा काढतं. आपलं यीस्ट तीन दिवसांत काम उरकून मोकळं. वय झालं की वाट बघायचा कंटाळा येतो, दुसरं काही नाही.

तर खुंटीवरच्या यीस्टच्या माळेतली चार-पाच लाकडी कडी सोडवून पाठव. त्यांच्यावर वाळलेलं असेल तेवढं मला पुरे.

हल्ली दुपारी डोळा लागतो आणि बाबा बिअरच्या पाण्यात उकळायचे त्या जुनिपरचा वास येतो. इथे मैलोन्मैल जुनिपरचं झुडूप नाही. वासाच्या मागे मागे मी चढण चढत जातो, वर आपलं चुलीघर दिसतं, दारातून वाफ बाहेर येत असते, आत कोणीतरी ढवळत असतं. पाठमोरं. मी हाक मारणार तेवढ्यात गोडेलीव्ह कॉफी आणते. बायकोला नेमकी वेळ कशी कळते देव जाणे.

हॉपचे वेल तारांना लागलेत. तुझ्या गाई कशा आहेत?

तुझा,
आन्फिन

*

ब्रेक्के, व्हॉस
१९ मे १९६२

आन्फ्या,

राइनहिल्डचं कळलं, आनंद झाला. कानांचं काही नाही, हिवाळ्यात टोपीखाली जातात.

सोबत पाच कडी आहेत, बाबांच्या जुन्या रुमालात बांधलीत. रुमाल परत नको. पण खडीसाखर? आणि संत्र्याची सालसुद्धा घालतोस म्हणे, गोडेलीव्हने मागे लिहिलं होतं. बिअर करतोयस का मुरंबा? बाबांनी ऐकलं असतं तर तुला चुलीघरातून हाकलून दिलं असतं. मग गुपचूप ग्लासभर चाखली असती, ते सोड.

आता नीट वाच. तुला सगळं येतं असं तुला वाटतं म्हणूनच सांगते. हे यीस्ट थंडीचं नाही. तिथे तुम्ही बार्लीचा उकळलेला रस तळघरात नेऊन गारढोण करता आणि मग यीस्ट घालता, तसलं काही करू नकोस. दुधाला विरजण लावताना बघतो तसं कोपर बुडवून बघायचं, अंगाला ऊबदार लागलं की कडी सोडायची. वर जुना कोट पांघरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी फेस वर आला नाही तर मला नावं ठेव.

आणि ओरडायचं. विसरला असशील, चाळीस वर्षं त्या सभ्य लोकांत राहतोयस. कडी रसात पडली की घरातल्या सगळ्यांनी पिंपात तोंड घालून, घसा फाटेपर्यंत. जितकी मोठी आरोळी तितकी कडक बिअर. लग्नाची आहे, तर पार समुद्रापर्यंत ऐकू जायला पाहिजे. गोडेलीव्हला लाज वाटली तर म्हणावं, हुंडा आहे तो आमच्याकडचा.

आपल्याकडे एकाच बिअरला ओरडायचं नसतं, मयताच्या. आजीच्या वेळेला आठवतं का? मी वीस वर्षांची घोडी. बाबांनी मुकाट्याने यीस्ट घातलं आणि सवयीने माझ्या तोंडातून अशी आरोळी गेली की बाहेरची घोडी बिथरली. आठ दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. पण मयताला आलेला प्रत्येक जण म्हणाला की एवढी कडक बिअर व्हॉसमध्ये पूर्वी झाली नव्हती.

गाई ठीक. सफरचंदाला फुलं आलीत. समोरच्या डोंगरावर अजून बर्फ आहे आणि खाली सगळं पांढरं, त्यामुळे सकाळी उठलं की घर नेमकं कुठे टेकलंय तेच समजत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, ताई, आपण ढगात राहतो.

तेरा वर्षं झाली रे तू येऊन गेल्याला. लग्न आटोपलं की ये.

ताई

*

पोपेरिंगे
२ जून १९६२

ताई,

झाली! तुझ्या यीस्टची कमाल आहे, आणि माझी अक्कल किती ते तू सांगितलंसच होतंस.

मी रस गार केला. हो, हो, वाचलं होतं तुझं पत्र. पण तीस वर्षांची सवय, हात आपोआप तळघराकडे वळले. दोन कडी घातली, झाकण लावलं, दुसऱ्या दिवशी बघतो तर रस ढिम्म. वर एक बुडबुडा नाही. गोडेलीव्ह म्हणाली, "तुमच्या माणसांसारखंच दिसतंय, आधी वर्षभर गप्प बसणार." मला इतकं वाईट वाटलं की मी पायरीवरच बसलो. तिने मग निम्मा रस पातेल्यात घेऊन चुलीवर तापवला, परत पिंपात ओतला, पिंप स्वयंपाकघरात भट्टीजवळ आणवलं. शेजारचा सिरिएल आणि त्याचा जावई, दोघांनी उचललं. मी खुर्चीत बसून हुकूम सोडत होतो. कोपर बुडवलं, ऊबदार लागलं, उरलेली तीन कडी मी माझ्या हाताने सोडली. झाकण लावलं. वर माझा जहाजावरचा कोट घातला. आम्ही दोघं बसून राहिलो. घड्याळाची टिकटिक तेवढी चालू होती.

सकाळपर्यंत कोट फेसाने उचलला गेला होता!

तीन दिवस मी त्या पिंपाजवळून हललो नाही. आतून आवाज येतो, तुला माहीत आहे तो, कोणीतरी पुटपुटतंय असा. कान लावून बसलं की झोप लागते आणि झोपेतही तो चालूच राहतो. एकदा वाटलं, मी लहान आहे आणि माळ्यावर आहे, खाली तुम्ही सगळे बोलताय, शब्द कळत नाहीत पण माझ्याबद्दलच आहे. फार बरं वाटलं. उठलो तर गालावर कोटाच्या बटणाचा ठसा.

संत्र्याची साल घातली. खडीसाखरही घातली, दोन किलो. चौथ्या दिवशी चमचाभर चाखली. अगं, साल कुठे राहिली आणि साखर कुठे! आधी आपलं घर लागतं जिभेला, मग मागून हळूच पोपेरिंगे. सिरिएलची मांजर फेस चाटून दुपारभर पायरीवर आडवी होती.

पिंप आता ठोकून बंद केलंय. वेळ येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही असं घरात सांगून ठेवलंय.

तुझे उपकार कसे फेडू?

आन्फिन

*

ब्रेक्के
१२ जून १९६२

आन्फिन,

तुझं पत्र तीनदा वाचलं. गवत कापणीला आलंय, गडी आलेत, तरी मी आतच बसलेय.

तू मांजरीचं लिहिलंस. बटणाचं लिहिलंस. पिंप कोणी उचललं तेही लिहिलंस. ओरडल्याचं लिहिलं नाहीस.

आणि लग्न सप्टेंबरात आहे. तुझ्या तळघरात बिअर वर्षवर्ष पडून असते, मग तीन दिवसांच्या यीस्टची घाई कशाला होती? मे महिन्यातच कळायला हवं होतं मला. खुळ्यासारखी कानांचे विनोद करत बसले.

कोणासाठी केलीस ती बिअर? गोडेलीव्ह आहे का? ती आजारी आहे का रे? मागच्या नाताळला तिने लिहिलं होतं की गुडघे दुखतात, मी त्यावर काही विचारलंसुद्धा नाही. तिला म्हणावं, टोरब्यॉर्गने मनापासून विचारलंय. ती माझ्या भावाला चाळीस वर्षं सांभाळतेय, मी तिला कधी आभाराचा शब्द लिहिला नाही.

सरळ सांग. माझ्याशी गोड बोलू नकोस.

ताई

*

पोपेरिंगे
२१ जून १९६२

ताई,

गोडेलीव्ह ठणठणीत आहे. आत्ता अंगणात गादी बडवतेय आणि आवाज तुझ्यापर्यंत यावा इतका जोर आहे. तुझा निरोप वाचून दाखवला तर रडली, मग मला ओरडली.

मी आहे.

पोटात गाठ आहे. फेब्रुवारीत कळलं. डॉक्टर म्हणाले, हॉपच्या तोडणीपर्यंत धरून चाला, पुढचं मला विचारू नका. तोडणी सप्टेंबरात असते. लग्न खरं आहे, कानही खरे आहेत, खोटं एवढंच की बिअर त्यासाठी नव्हती.

लपवलं, कारण तू गाई सोडून निघाली असतीस. आणि खरं सांगू? मला लाज वाटत होती. बाबा गेले तेव्हा लढाई चालू होती, तुझं पत्र मला चार महिन्यांनी मिळालं. ज्या दिवशी तू एकटीने बाबांची बिअर केलीस, एकटीने मुकाट्याने यीस्ट घातलंस, त्या दिवशी मी इथे काय करत होतो ते मला आठवतसुद्धा नाही. कुठलं तरी इंजिन दुरुस्त करत असेन. ती बिअर मी प्यायलो नाही. गावातला प्रत्येक जण प्यायला, शेजारचा ब्रिन्युल्फ प्यायला, त्याचं आणि बाबांचं दहा वर्षं भांडण होतं तरी प्यायला, आणि मी नाही.

इथे कोणी गेलं की कॉफी देतात, मनुका घातलेला पाव देतात. चांगली माणसं आहेत, काही म्हणणं नाही. पण मला पुरून आल्यावर ती कॉफी पिणार, पाव खाणार आणि म्हणणार, आन्फिन बरा माणूस होता, मशीन छान दुरुस्त करायचा. मी कुठला होतो हे कोणाच्या जिभेला कळणारच नाही. म्हणून बिअर. जोरदार केली इथल्यासारखी, म्हणजे त्यांना परकी वाटणार नाही. आणि आत बाबा ठेवले.

तुझं यीस्ट मागितलं कारण इथल्या यीस्टला माझ्याएवढा वेळ नव्हता, म्हणजे मला त्याच्याएवढा नव्हता.

दुखतं तेव्हा थेंब देतात. ते घेतले की दुपार लांबच लांब होते. मी ढगात राहतो, ताई. तुझं बरोबर होतं.

रागावू नकोस.

आन्फिन

*

ब्रेक्के
२८ जून १९६२

आन्फिन,

रागावले आहे.

गवत ब्रिन्युल्फच्या मुलांवर सोपवलं. गाईपण. मी सोमवारच्या गाडीने निघते, ऑस्लो, मग कोपनहेगन, पुढचं स्टेशनमास्तरने कागदावर लिहून दिलंय. एकाहत्तर वर्षांत बर्गनच्या पलीकडे गेलेली नाही, पण गाडी रुळावरूनच जाते ना, चुकणार कुठे?

त्या पिंपाला हात लावू नकोस. मरू पण नकोस. गुरुवारी पोचते.

ताई

*

पोपेरिंगे
३० जुलै १९६२

ताई,

सुखरूप पोचलीस हे ब्रिन्युल्फच्या तारेने कळलं. तू स्वतः लिहिलं नाहीस, गाई माझ्यापेक्षा महत्त्वाच्या, ठीक आहे.

आता माझी तक्रार ऐक. माझ्या मयताची बिअर तू माझ्या डोळ्यांदेखत संपवलीस! घरात पाऊल ठेवलंस, माझ्याकडे बघितलंस, "वाळलास मेल्या" म्हणालीस, आणि टोपीसुद्धा न काढता हातोडी मागितलीस. झाकण उडवून पिंपात तोंड घालून जी आरोळी ठोकलीस, देवा! मी खुर्चीतून उठलो गं. महिन्याभरात पहिल्यांदा, कोणी हात न देता. आणि मग मीही ओरडलो. गोडेलीव्ह आधी कानावर हात ठेवून उभी होती, मग तीही. पिंप बंद करून महिना झाला होता, आता ओरडून काय कडक होणार होतं, पण तू म्हणालीस, "उशिराने का होईना, हिशोब लग्नाचाच करायचा."

सिरिएल बादली घेऊन धावत आला, त्याला वाटलं भट्टीला आग लागली. तुला त्याची भाषा येत नाही, त्याला तुझी नाही, तू सरळ त्याच्या बादलीतच बिअर ओतलीस. मग त्याचा जावई. मग पलीकडच्या दोघी बहिणी, ज्या चर्चशिवाय कुठे जात नाहीत. मग पोस्टमन, तो सायकल आमच्याकडेच ठेवून गेला. अख्खी गल्ली अंगणात बसली होती ऊन उतरेपर्यंत. आणि एकेक जण माझ्यापाशी येऊन विचारत होता, ही चव कुठली? मी सांगत होतो. ताई, मी सांगत होतो. पुरून आल्यावर त्यांनी आपसात म्हणावं असं मला वाटत होतं ते त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, आणि उत्तर द्यायला मी होतो.

मी पाऊण ग्लास प्यायलो. डॉक्टरला सांगितलं, तो म्हणाला, मला सांगायची गरज नव्हती.

तू होतीस ते अठरा दिवस माझ्या डोक्यात आता एकमेकांत मिसळलेत. तू अंगणात वाटाणे सोलतेस आणि आई आत आहे. तू हॉपच्या ओळींतून चालतेस, वेल तुझ्या दुप्पट उंच, मी म्हणतो ताई फार लांब जाऊ नकोस, तू हात हलवतेस. यातलं कुठलं झालं आणि कुठलं थेंबांनी दाखवलं, गोडेलीव्हला विचारावं लागेल. विचारत नाही. सगळंच राहू दे.

पण आता पंचाईत अशी की मरायला माझ्याकडे बिअर नाही. वेल तारांच्या टोकाला पोचलेत, पुन्हा करायला हवी. पिंपाच्या तळाचा गाळ घ्यावा म्हणून सिरिएलला सांगितलं, तर म्हणे तळ घासून चकचकीत आहे. गोडेलीव्ह शपथेवर सांगते तिने घासला नाही. जुनी कडीही सापडत नाहीत. म्हणजे माझ्याकडे आता काहीच उरलं नाही.

तर माळेतली चार कडी पुन्हा पाठव. लवकर पाठव. तीन दिवस लागतात, तेवढे आहेत असं वाटतं.

तुझा,
आन्फिन

*

ब्रेक्के
११ ऑगस्ट १९६२

आन्फ्या,

नाही.

गाळ मी आणला. तू दुपारी झोपला होतास तेव्हा चमच्याने खरवडला, एक कण सोडला नाही. कडीही मीच घेतली. साबणाच्या डबीत भरून वर लोकरीचे मोजे कोंबले. सीमेवरच्या अधिकाऱ्याने डबी उघडली, वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू माझाच वास आहे. मी म्हटलं, गुडघ्याचं औषध. त्याला काय कळलं कोण जाणे, घाईघाईने बंद करून दिली.

आता ते इथे माळेवर वाळलंय. तुझी खडीसाखर खाऊन जरा माजलंय. परवा दुधाएवढ्या ऊबदार रसात चिमूटभर टाकून बघितलं तर तासाभरात पातेल्याबाहेर.

म्हणजे माझ्याकडे आहे. हवं तेवढं आहे. आणि मी ते पाठवणार नाही.

मला कळतं रे सगळं. यीस्ट नाही म्हणून कोणाचं मरण थांबत नाही, मी काही खुळी झालेली नाही. तुझे हात मी बघितलेत. गाडीत बसल्यावर कोपनहेगनपर्यंत रडत होते, समोरची बाई मला सारखी सफरचंद देत होती. पण बाबांची बिअर मी मुकाट्याने केली, आईची केली, आजीची बिघडवली, आता तुझ्या बिअरसाठी माझ्या हातून यीस्ट सुटत नाही. नाही सुटत. ब्रेक्केचा माणूस बिअरशिवाय गेला तर व्हॉसभर नाचक्की होईल, तर होऊ दे. मी ऐकून घेईन.

तू रागावून पत्र लिही. शिव्या दे. पुन्हा माग. मी पुन्हा नाही म्हणेन. मग पुढच्या आठवड्यात परत माग. हात चालेनासा झाला तर गोडेलीव्हकडून लिहवून घे, मला तिचं अक्षर लागतं. पोस्टमनला मी सांगून ठेवलंय, आता दर आठवड्याला चढण चढून वर यावं लागेल, तर त्याने नवे बूट घेतलेत.

म्हणून सांगते, तू काही कर, फक्त मागायचं थांबवू नकोस.

ताई